पन्हाळगडाची चूल

पन्हाळगडावर येणारा प्रवासी तीन दरवाजा पाहतो, सज्जा कोठी पाहतो आणि बाजीप्रभूंच्या पुतळ्यापुढें उभा राहून हात जोडतो. वाटाड्याच्या तोंडीं वेढे असतात, तलवारी असतात, काळोखी रात्र आणि कोसळता पाऊस असतो. हीं सारीं माणसें जेवत काय होतीं, त्यांची भाकरी कोण भाजीत होतें आणि ती करपली तर काय होत होतें, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक या प्रश्नांचें उत्तर देणारी इमारत गडाच्या मध्यभागींच उभी आहे. बालेकिल्ल्यांतील राजवाडा गेला, कचेरी गेली, टांकसाळ गेली. राहिलीं तीं धान्याचीं कोठारें. ज्या राज्यकर्त्यांनीं हा गड नांदविला त्यांनीं सर्वांत जाड भिंती कोठें बांधल्या, हें यावरून ध्यानांत यावें.

या कोठारांना अंबरखाना म्हणतात. गंगा, यमुना आणि सरस्वती अशीं तीन नांवें तीन कोठ्यांना आहेत. त्यांतली गंगा कोठी सर्वांत मोठी. तिचें क्षेत्रफळ सुमारें 10,200 चौरस फूट आणि उंची सुमारें 35 फूट आहे. आंत सोळा खण असून प्रत्येक खणावर चपट्या घुमटाचें छत आहे आणि त्या छताला एकेक भोंक ठेवलेलें आहे. बाहेरच्या अंगानें जिने चढून जावयाचें, पोत्यांतला दाणा वरून त्या भोंकांतून आंत सोडावयाचा, आणि काढतांना खालून काढावयाचा, अशी ही योजना. आधीं भरलेलें धान्य आधीं निघतें, जुनें तळाशीं कुजत राहत नाहीं. घरच्या कणगीलाही हाच न्याय लागतो. गंगा कोठींत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे असें सांगतात. खंडी म्हणजे वीस मण. म्हणजे हा आंकडा पांच लक्ष मणांचा झाला. मणाचें माप गांवोगांव निराळें होतें, म्हणून शेरांचा हिशेब काटेकोर मांडण्यांत अर्थ नाहीं; पण चाळीस शेरांचा मण धरला आणि माणशी रोज एक शेर दाणा दिला, तर दहा हजार माणसांना पांच वर्षें पुरेल एवढी ही सांठवण होते. जवळच धर्मकोठी आहे. तेथून गरजूंना धान्य वांटलें जाई.

कोठ्यांत काय भरीत, तर नाचणी, वरी आणि भात. ही निवड केवळ चवीनें झालेली नव्हे. गहूं अथवा ज्वारी यांना किडा लवकर लागतो. नाचणीचा दाणा इतका बारीक आणि टणक कीं किडीला त्यांत घर करतां येत नाहीं, आणि कोरडी राखली तर ती वर्षानुवर्षें टिकते. भातही तुसासकट ठेवला म्हणजे तांदळापेक्षां किती तरी अधिक टिकतो. घांटमाथ्यावरच्या पावसांत, जेथें धुकें दिवसदिवस घरांतून हालत नाहीं, तेथें टिकण्याचा हा गुण चवीहून मोलाचा. ज्या तांबड्या रश्शाच्या नांवानें आज कोल्हापूर ओळखलें जातें, त्यांतली मिरची मुळांत अमेरिकेची. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत या किनाऱ्यास लागली, आणि मिऱ्यांच्या नात्यानें तिला आपल्या भाषेंत नांव मिळालें. बटाटा आणि टोमॅटो तर घरगुती स्वयंपाकांत त्यानंतर फार उशिरां शिरले. शिलाहार राजा दुसरा भोज यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस हा गड बांधला, तेव्हां त्याच्या मुदपाकखान्यांत यांपैकीं एकही वस्तू नव्हती.

कोठारांतून दाणा मापून निघाला म्हणजे सरकारचें काम संपे आणि घराचें सुरू होई. हें काम हलकें नव्हतें. भात आधीं उखळांत कांडावयाचा, मग पाखडावयाचा, वरीचेंही तेंच. नाचणी जात्यावर दळावयाची. जात्याला टांकी नुकतीच लावलेली असली कीं पहिल्या दिवशींच्या पिठांत दगडाची कच येते आणि घांसाघांसाला दांतांखालीं करकरते. टांकी लावून फार दिवस झाले तर जातें बोथटतें आणि पीठ भरड येतें. नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाहीं. थंड पाण्यांत मळलें तर भाकरी थापतांनाच कडेला चिरते आणि तव्यावर टाकतां टाकतां तुकडे होतात. म्हणून पाणी चांगलें कढत लागतें आणि हात चालावा लागतो. पावसाळ्यांत पिठाला जाळी धरते, म्हणून तें रोजच्या रोज दळावें लागतें. मिठाला पाणी सुटतें, म्हणून मिठाचें मडकें चुलीच्या उबेला ठेवावें लागतें; आणि हें मीठ कोंकणांतून घांट चढून आलेलें, म्हणजे सांडून चालावयाचें नाहीं. लांकूड ओलें निघालें कीं घरभर धूर होतो, डोळे चुरचुरतात आणि भात अर्धा कच्चा, अर्धा धुरकट होतो. आगकाडी नव्हती त्या काळीं चूल विझणें हाच एक मोठा अपघात. रात्रीं निखारा राखेंत पुरून ठेवीत. सकाळीं तो जिवंत सांपडला नाहीं कीं शेजारच्या घरीं विस्तव मागावयास जावें लागे, नाहीं तर चकमक झाडीत बसावें लागे. या गोष्टी कोणत्याही दप्तरांत नाहींत. पण धान्य, दगड आणि पाऊस यांचे स्वभाव बदललेले नाहींत, त्यामुळें त्या ठाऊक होण्यास दप्तराची गरज नाहीं.

दप्तरांत होतें तें निराळेंच. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. कृष्णाजी अनंत सभासद यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें जी बखर लिहिली, तिच्यांत ही व्यवस्था नमूद आहे. एकाच्या हातीं सारा गड जाऊं नये अशी तिची बांधणी होती. हजेरी आणि पत्रव्यवहार सबनिसाकडे, आणि धान्य, सामान व त्यांचा जमाखर्च कारखानिसाकडे. म्हणजे गडावर रोज न चुकतां लिहिणारा जो माणूस, त्याच्या लेखणीचा विषय अन्न हाच. दाणा किती आला, किती निघाला, तेल किती, तूप किती, शिल्लक किती. तलवार गाजविणाऱ्यांचीं नांवें पोवाड्यांत आलीं. कारखानिसाचें नांव आलें नाहीं. तथापि वेढा पडला म्हणजे अधिकाऱ्यांना आधीं आठवण होत असेल ती त्याच्या वहीची.

तसा वेढा 1660 मध्यें पडला. अफझलखान पडल्यावर अठरा दिवसांनीं, 28 नोव्हेंबर 1659 रोजीं, शिवाजी महाराजांनीं पन्हाळा घेतला होता. 1660 च्या मार्चच्या आरंभीं विजापूरचा सरदार सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन पायथ्याशीं आला आणि त्यानें गडाच्या वाटा बंद केल्या. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीस गेले, आणि त्याचा जाब त्यांना पुढल्या वर्षीं राजापुरास द्यावा लागला. पाऊस लागला कीं हबशी उठून जाईल अशी अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. त्यानें छावणीवर छपरें घातलीं आणि वेढा तसाच ठेवला. अखेर आषाढांत, 12 जुलैच्या रात्रीं, महाराज निवडक लोकांनिशीं निसटले आणि विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद आणि बाजीप्रभु यांची कथा प्रत्येक मराठी मुलास पाठ असते. ती येथें पुन्हां सांगण्याचें कारण नाहीं.

सांगावयाचें तें त्या आधींच्या चार महिन्यांविषयीं. मार्च ते जुलै या काळांत गडावर रोज दोन वेळां चुली पेटत होत्या. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढ, आणि जूनपासून सरपणाची. बाजार बंद, खालच्या गांवांतून भाजी येणें बंद, मीठ येणें बंद. एरवीं घरांत एखादी हंडी लागली, एखादें मडकें फुटलें, तर त्या दिवशींची पंचाईत होते. वेढ्यांत सांडलेलें तेल परत मिळत नाहीं आणि जळलेलें पीठ कोणाच्या तरी वांट्याचें असतें. महाराजांच्या युक्तीला आणि बाजीप्रभूंच्या देहाला जो अवकाश मिळाला तो या चार महिन्यांनीं दिला, आणि हे चार महिने अंबरखान्यांतल्या धान्यानें आणि तें रांधणाऱ्या हातांनीं काढले. मराठ्यांच्या इतिहासांत हें वाक्य जितक्या वेळां यावयास हवें तितकें येत नाहीं.

चुलीच्या अपघातांना त्या काळचे राज्यकर्ते किती भीत, याचा पुरावा पन्हाळ्याचा नसला तरी त्याच राज्यांतला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाजवळ हलवर्ण येथें फौजेची छावणी होती. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेचें गवत, भाजी, फाटी यांना हात लावूं नका, ही त्यांतली ताकीद सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच पत्राचा दुसरा भाग कोणत्याही गृहिणीनें वाचावा असा आहे. पावसाळ्यासाठीं कारखानिसांनीं जमविलेला दाणा व चारा आजच उधळला तर पुढें उपाशी राहण्याची पाळी येईल, असें आधीं बजावलें आहे. मग आगीचा विषय येतो. कोणी भलत्याच जागीं चुली मांडतील, कोणी आगट्या पेटवतील, कोणी तमाखू ओढण्यासाठीं विस्तव घेऊन गवतांतून जातील, आणि वारा सुटला कीं एक खोपटें पेटून सारीं पेटतील. रात्रीं दिवा जळता ठेवून निजलें, तर उंदीर ती तेलानें भिजलेली वात तोंडांत धरून पळेल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत ही चिंता गेली आहे. दिल्लीच्या बादशाहीशीं झुंजणारा राजा उंदराच्या तोंडांतल्या वातीचा विचार करीत होता. ज्यानें घर चालविलें आहे त्याला यांत नवल वाटणार नाहीं.

याच बारकाईची पुढची पायरी पन्हाळ्याशीं थेट जोडलेली आहे. रामचंद्रपंत अमात्य यांनीं महाराजांपासून पुढें कित्येक कारकीर्दींचें राजकारण पाहिलें. राजाराम महाराज जिंजीस असतांना इकडच्या राज्याचा भार त्यांच्यावर होता. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नांवानें, 1715-16 च्या सुमारास त्यांनीं सिद्ध केलेलें आज्ञापत्र राजनीतीचा ग्रंथ म्हणून गणलें जातें, आणि त्यांतलें दुर्गांचें प्रकरण किल्ल्यांवर लिहिणारे सर्वच लोक वाचतात. पंतांची समाधि पन्हाळ्यावरच आहे. या प्रकरणांतला मोठा भाग शत्रूविषयीं नसून घरकामाविषयीं आहे, ही गोष्ट मात्र थोड्यांच्या लक्षांत येते.

पंत सांगतात कीं गड बांधण्याआधीं पाणी पाहावें. नसेल तर खडक फोडून टांकीं करावीं. एका झऱ्यावर विसंबूं नये, कारण लढाईंत तोफांच्या धक्क्यानें झरे आटतात. म्हणून राखीव टांकीं ठेवावीं आणि तें पाणी एरवीं खर्चूं नये. धान्याच्या कोठारांना अग्नि, उंदीर, किडा, मुंगी आणि वाळवी यांचा उपद्रव होऊं नये अशी दगडाची व गचाची जमीन करावी. तेल आणि तूप यांच्या सांठ्याची जागा व भांडीं यांचाही विचार त्यांनीं केला आहे. दारूखाना घरांपासून दूर असावा, हें तर उघडच. आणि मग केराची गोष्ट येते. गडावरच्या वाटांवर, बाजारांत केर पडूं देऊं नये. झाडलेला केर गडाखालीं फेंकूं नये, जागच्या जागीं जाळावा, ती राख परसांत टाकावी आणि घरोघर भाजीपाला करवावा. ज्या राज्यानें औरंगजेबाच्या फौजा पंचवीस वर्षें थोपविल्या, त्याच्या अमात्यानें चुलीजवळच्या केरापासून पालेभाजीपर्यंतची सांखळी जोडून ठेवली आहे. 1660 च्या वेढ्यांत भाजी बंद झाली म्हणजे काय होतें याचा अनुभव गडांना आलेला होता. परसांतल्या भाजीचा हुकूम त्याच अनुभवांतून आला असावा असें म्हणण्यास जागा आहे.

पाण्याविषयींचा पंतांचा उपदेश पन्हाळ्याला मुळांत लागू पडत होता. सोमेश्वर तळें, सादोबा तळें, नागझरी अशीं पाण्याचीं ठिकाणें गडावर आहेत. आदिलशाहींत बांधलेली अंधारबाव तर तीन मजल्यांची आहे. खालीं पाणी, मधल्या मजल्यांतून तटाबाहेर जाण्याची गुप्त वाट आणि वर पहाऱ्याची जागा. शत्रूनें पाणी नासवूं नये म्हणून विहीर अशी दडविली. गडाचा घेर सुमारें साडेचार मैलांचा. तेव्हां तळ्यापासून घरापर्यंत घागर वाहणाऱ्या बाईचे रोजचे फेरे किती होत असतील, त्याचा हिशेब कारखानिसाच्या वहींत असण्याचें कारण नव्हतें.

आणि खरी उणीव इथेंच आहे. रोज लिहिणारा पुरुष दाणा निघाल्याचें लिहीत होता. रोज रांधणारी बाई कांहींच लिहीत नव्हती. दाणा कोठींतून निघाल्यावर ताटांत पडेपर्यंतचा प्रवास कागदावर आलाच नाहीं. पन्हाळ्यानें मराठीला अत्यंत उद्योगी लेखणीही दिली. कवि मोरोपंत 1729 मध्यें येथेंच जन्मले, त्यांचें तरुणपण येथेंच गेलें, पुढें ते बारामतीस गेले. आयुष्यभर रोज आर्या रचणारा असा दुसरा पुरुष मराठींत विरळा. एकट्या रामकथेवर त्यांनीं एकशें आठ रामायणें रचिलीं. पण त्यांचे विषय राम आणि भारत. घरची चूल नव्हे. तो काळच तसा नव्हता.

चूल कागदावर आली ती छापखान्याबरोबर. 1875 मध्यें रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ निघालें. मराठींतल्या आरंभींच्या छापील पाकग्रंथांपैकीं हा एक, आणि तोही पुरुषाच्या नांवाचा. बाईनें आपल्या हातचें स्वतः लिहावें याला 1910 साल उजाडलें. त्या वर्षीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झालें आणि पुढें दोन-तीन पिढ्यांच्या घरांत तें वापरून वापरून फाटलें. पाककृतींच्या पुस्तकांत एक खोट असते. त्यांत सारें नीट होतें. दूध नासत नाहीं, पाक कडक होत नाहीं, पाहुणे अवेळीं येत नाहींत. फसलेला स्वयंपाक मराठींत यावयास आणखी पाव शतक लागलें. लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ 1934 पासून पुस्तकरूपानें निघालीं, आणि त्यांत सोवळ्याच्या धाकानें घराची झालेली ओढाताण, संसारांतली तारांबळ आणि स्वतःचीच फजिती एका बाईनें हंसत हंसत सांगितली. अंबरखान्याच्या भिंती उभ्या राहून तोंवर शतकें लोटलीं होतीं.

पन्हाळ्याची चूल तोंपर्यंत विझून गेली होती. 1844 मध्यें कोल्हापूर संस्थानांतल्या गडकऱ्यांनीं उठाव केला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत इंग्रजी फौजेनें पन्हाळा घेतला, चार दरवाजा पाडला आणि पिढीजाद शिबंदी मोडली. गडकऱ्यांचीं कुटुंबें पांगलीं तसा कोठीवरून दाणा मापून नेण्याचा परिपाठही संपला. इतिहासांत ही नोंद तटबंदी पाडल्याची आहे. कितीएक घरांच्या रोजच्या भाकरीचा आधार त्या दिवशीं तुटला, ही तिची दुसरी बाजू.

2025 च्या जुलैंत जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जी नोंद झाली, तींत पन्हाळाही आहे. प्रवासी वाढत आहेत. गडावर फिरून दमलेलीं माणसें तीन दरवाजाजवळ झुणका-भाकर आणि ठेचा खावयास बसतात. पावसाच्या दिवसांत तेथें लांकूड ओलें असतें, धूर डोळ्यांत जातो, आणि नाचणीची भाकरी थापतां थापतां कडेला चिरली कीं बाई पाण्याचा हात फिरवून ती सांधते आणि तव्यावर टाकते.